खिशात वाजणारी डबी

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा आई कुकर लावत होती. फोन ठेवून तिनं गॅस बंद केला, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "खात होता तो. शेवटपर्यंत खात होता." ती कशाबद्दल बोलतेय ते मला लगेच कळलं. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी मामांची तंबाखू-सुपारी कायमची बंद केली होती, तरी शर्टाच्या खिशात ती जुनी पत्र्याची डबी असायचीच. चालताना वाजायची. आदल्याच रविवारी आईनं त्यांच्यापुढं हात पसरला होता, "दादा, दे ती डबी इकडं." मामांनी खिशावर तळवा ठेवला. "नाय देत. माझी हाय ती." आई जेवायला न थांबता मला घेऊन घरी निघून आली. भाऊ-बहिणीचं बोलणं तिथंच संपलं... मामा गेल्यापासून आई रडते कमी आणि रागावते जास्त. मी शेजारी बसून ऐकते. मला पटकन काही बोलता येत नाही, हे घरात सगळ्यांनी मान्य केलेलं आहे.

मामांनी वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढलं. निवृत्तीनंतर त्यांनी एका बंद पडलेल्या जलक्रीडा केंद्राकडून दोन जणांची कयाक आणली. सायकलसारखी पायडल मारायची, की खाली पाण्यात पंखा फिरतो आणि नाव पुढं जाते. ते दुष्काळाचे दिवस होते. आमच्या गारखेड्यात नव्या इमारतींपुढं टँकरची रांग, आणि मामा गच्चीवर नाव धूत बसलेले. क्रांती चौकाजवळच्या दुकानात बेअरिंग घ्यायला गेलो तर ओळखीचे हाशमभाई म्हणाले, "क्या मियाँ, शहर में पीने कू पानी नै और तुम नाव लेके फिरते?" मामा म्हणाले, "पानी सरक्या, तभी तो लाया!" त्यांचं म्हणणं खरं होतं. नाथसागर आटला होता आणि मामांचं धरणात बुडालेलं आजोळ हळूहळू वर येत होतं. लहानपणी ज्या विहिरीत ते पोहायला शिकले, तिचा कठडा त्यांना एकदा हातानं शिवायचा होता. चारही बाजूंनी कंबरभर चिखल, त्यामुळं चालत जायची सोय नव्हती.

पण उथळ पाण्यात बुडालेल्या बाभळींचे बुंधे होते. पंखा बुंध्याला लागला की त्याला दांड्याशी धरून ठेवणारी बारीक पिन तुटायची आणि नाव जागच्या जागी थांबायची. गाळ शिरून पायडलच्या सांध्यातल्या कड्या, म्हणजे बुशाही झिजल्या होत्या, त्या खडखड करायच्या. मामांनी सगळं बाल्कनीत वर्तमानपत्रावर उलगडलं. माहितीपुस्तक इंग्रजीत होतं, ते वाचायचं काम माझं. "वाचा मॅडम," ते म्हणायचे. बुशा बदलल्या, ग्रीस भरलं. पिनेच्या पानावर मी थांबले. तिथं लिहिलं होतं, ही पिन मुद्दाम नरम धातूची आहे. दगड लागला तर ती तुटते म्हणून आतले गिअर वाचतात. मी ते मराठीत सांगितलं. मामा हसले. "व्हय, कंपनीला पिना इकायच्यात ना! ज्याचं त्याचं लई डोकं चालतं." आणि त्यांनी मोडक्या ड्रिलचा पोलादी तुकडा कापून तिथं ठोकून बसवला. आयुष्यभर त्यांनी न तुटणाऱ्या गोष्टी बनवल्या होत्या. तुटण्यासाठी काही बनवतात, हे त्यांच्या मनाला पटेना.

आईनं मला त्यांच्याबरोबर पाठवलं ते एका अटीवर. "त्याला दमू देऊ नको. वल्हं तर हातात देऊच नको." मी पुढं बसले, मामा मागं पायडल मारत होते, अगदी सावकाश. बुंध्यांना पंखा घासत होता, पण पिन काही तुटली नाही. "बघा मॅडम," ते म्हणाले. दुपार कलली होती. पाण्याच्या जरा खाली दगडांची गोल रांग दिसली आणि मामा ओरडले, "तीच! तीच विहीर माझी!" आणि त्यांनी जोरात पायडल मारली. धाडकन आवाज झाला. नाव हादरली, मग मागून नुसतं गरगर ऐकू येऊ लागलं. पायडल मोकळी फिरत होती. पिन शाबूत होती, आतल्या गिअरचे दात उडाले होते. तेवढ्यात वारा सुटला आणि नाव विहिरीपासून दूर, मोकळ्या पाण्याकडं सरकू लागली. वल्हं एकच होतं. मी ते उचललं. मी ते पाण्यात मारत होते, पण नाव नुसती स्वतःभोवती फिरत होती. मामा मागून पुढं झुकले, त्यांचा श्वास मला मानेजवळ ऐकू येत होता. "दे इकडं. तुला नाय जमायचं. दे म्हणतो ना!" त्यांचा हात वल्ह्यावर आला. मी वळून पाहिलं. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"मामा, गप बस!"

आयुष्यात मी त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. कुणावरच कधी ओरडले नव्हते. त्यांनी हात काढून घेतला, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले. मग हळूच म्हणाले, "एकाच अंगानं मारू नको. आलटून पालटून..." मी मारत राहिले. काठ जवळ येतोय की नाही हे बघायची मला हिंमत होत नव्हती. शेवटी नावेचं टोक चिखलात रुतलं तेव्हा माझ्या तळहातांची साल निघाली होती. मामांनी ते हात पाहिले आणि तोंड फिरवलं.

घरी आल्यावर त्यांनी एवढंच जाहीर केलं, "गिअरच कच्चा होता." पुढं नवा गिअर मागवला, महिनाभर बाल्कनीत खपून नाव दुरुस्त केली. पिन कोणती घातली ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नंतर पाऊस झाला, विहीर पुन्हा पाण्याखाली गेली. तिला हात लागला नाही तो नाहीच. आम्ही मात्र अधूनमधून नाव घेऊन जायचो. वल्ही आता दोन असायची, आणि दोन्ही माझ्या पायाशी.

गेल्या आठवड्यात आई आणि मी त्यांची खोली आवरायला गेलो. खुंटीवर शर्ट होता, आईनं तो काढला आणि डबी वाजली. तिनं ती बाहेर काढून माझ्यापुढं धरली. "उघड. मला बघवणार नाही." झाकण घट्ट होतं. उघडल्यावर आधी लवंगेचा जुना वास आला. आत सुपारीचं खांडही नव्हतं. पितळेच्या बारीक पिना होत्या, सारख्या मापाच्या, कानशीनं कडा मोडलेल्या. मी एक घेऊन बोटांत दाबली. ती सहज वाकली.

"हे काय गं?" आईनं विचारलं. मी सांगितलं. विहीर, गिअर, वारा, माझं ओरडणं... जे तिला कधी सांगितलं नव्हतं ते सगळं. आई पलंगावर बसली. "मग दाखवायचं ना मला," ती त्या शर्टाला म्हणाली. "उघडून दाखवायला काय झालं होतं, दादा?"

मला वाटतं, मी तिथं बसले होते ना त्या रविवारी, पिना ओळखल्या असत्या मी, म्हणून नाही दाखवलं. डबी आता माझ्या पिशवीत असते. चालताना वाजते. आई ऐकते.