हेडफोन बघायला गेलो तेव्हा

दुसऱ्याच्या कानाचा वास कसा असतो, हे मला नोकरीनं शिकवलं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर ट्रंक कॉल जोडून द्यायचे आणि डोक्यावर हेडसेट. तो काही माझ्या एकटीचा नसे. आधीच्या पाळीची बाई उठली की तिच्या डोक्यावरून उतरलेला हेडसेट गरम गरमच माझ्या डोक्यावर यायचा. आवळ्याचं तेल, घाम, पावडर, आणि कानाच्या वाटीवर बसलेला तो चिकट थर. मी पर्समध्ये स्पिरिटचा कापूस ठेवायचे आणि बसण्याआधी वाटी खसाखसा पुसायचे. बाकीच्या म्हणायच्या, "लय सोवळ्याची आहे वं तू." सोवळं-ओवळं आमच्या इंदोऱ्यातल्या घरानं धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच हद्दपार केलं होतं. माझी ती साधी किळस होती.

आठ तास गोड आवाजात "थांबा हं, लाइन मिळत नाहीये" म्हणायचं आणि पलीकडून शिव्या ऐकायच्या. उलट बोलायची सोय नाही. एकदा एका मैत्रिणीनं तिच्या भावाची कॅसेट दिली. तो गिटार वाजवायचा आणि इंग्रजी रॉक, मेटल असलं काय काय भरून आणायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खाली बसले. माझ्या वतीनं कोणीतरी ओरडत होतं, दातओठ खात, ढोल फोडत. मला इतकं बरं आजवर कशानंच वाटलं नव्हतं.

घरात मात्र पंचाईत. दोन खोल्या, मधे पडदा. मी टेप लावला की शेजारची बाई भिंतीपलीकडून विचारायची, "तुमच्याकडं भांडण चालू हाये का वं?" आई लाजायची. म्हणून मी वॉकमन घेतला. त्याच्यासोबत आलेला हेडफोन म्हणजे पत्र्याच्या पट्टीला लावलेले दोन स्पंजचे तुकडे. त्यातून ढोल ऐकला की कोणी रिकामा डालडाचा डबा बडवतंय असं वाटे, आणि गिटारचं तर पार पिठलं होई. वर आवाज बाहेर गळायचा तो गळायचाच. मला खिशाला परवडणारा, कान झाकणारा हेडफोन हवा होता, ज्यात ढोलाचा एक ठोका दुसऱ्यात मिसळणार नाही.

त्याच उन्हाळ्यात मला एक स्थळ आलं. मुलगा शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर. बघायला आला तेव्हा पोहे दोनदा मागून घेतले, बाबांशी अदबीनं बोलला, हुंडा घेणार नाही म्हणाला. बाबांना स्वर्ग दोन बोटं उरला. माझ्या मागे धाकटी बहीण होती, तिचं लग्न अडून राहिलं होतं, आणि मी आधीच दोन स्थळांना नाही म्हटलं होतं. या वेळी हो किंवा नाही ते आठवड्याच्या आत सांगायचं होतं, आणि घरात सगळे हो गृहीत धरून बसले होते.

बोलता बोलता बाबांनीच हेडफोनचा विषय काढला. मुलगा म्हणाला, "मले इलेक्ट्रॉनिक्सचं कळते. मी निवडून देतो." बाबांना वाटलं, दोघांचं बोलणंही होईल. नव्या विचारांचं घर आमचं. रविवारी मी, तो आणि सोबतीला त्याची मोठी बहीण, असे बर्डीवरच्या बाजारात जायचं ठरलं.

दुकान अरुंद होतं. दाराशी कुलर घरघरत होता, त्याच्या वाळ्याला कुबट वास येत होता. मालकानं काउंटरवर चार-पाच हेडफोन मांडले, आणि मी हात पुढे करायच्या आत यानं पहिला उचलला. कानात करंगळी घातली, फिरवली, बाहेर काढून निरखली, पँटीला पुसली आणि हेडफोन चढवला. डोक्याला तेल इतकं की कपाळावर ओघळ आलेले. एक हिंदी गाणं ऐकून मान डोलावली आणि तोच हेडफोन माझ्यापुढे धरला. "लावा. फर्स्टक्लास आहे."

मी कापूस काढला आणि त्याच्यासमोर वाट्या पुसल्या. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याची बहीण मात्र माझ्याकडे बघत राहिली. मी स्वतःला समजावलं, पुरुष असतात घाणेरडे, शिकवता येतं.

दुसरा हेडफोनही आधी त्याच्या कानाला. तिसराही. प्रत्येक वेळी तीच करंगळी. मालक म्हणाला, "ताई, याच्यात बेस भरपूर आहे," आणि यानं माझ्या वतीनं उत्तर दिलं, "बेस कशाले पाहिजे लेडीजले?" मी म्हटलं, माझी कॅसेट लावून बघायची आहे. त्यानं ती माझ्या हातातून घेतली, कव्हरवरचं चित्र बहिणीला दाखवून हसला आणि स्वतःच माझ्या वॉकमनमध्ये घातली. काउंटरवर एक मोठा, काळा हेडफोन उरला होता, कानावर घट्ट बसणारा, जाड रेक्झिनच्या गाद्यांचा. दिल्लीत बनलेली नक्कल असणार, पण किंमत माझ्या आवाक्यातली. तो त्यानं चढवला.

"कोणाले मारून राहिले का हे?" तो म्हणाला, आणि गंमत म्हणून आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला.

आम्हा ऑपरेटरांना पहिल्याच दिवशी शिकवतात की कान भरलेला असला की स्वतःचा आवाज कळत नाही, म्हणून मुद्दाम हळू बोला. नवीन मुली सगळ्या ओरडतात. त्याला हे कोणी शिकवलेलं नव्हतं. तो बहिणीकडे झुकला, तोंडाशी आडवा हात धरला, म्हणजे त्याच्या मते कुजबुजला, आणि कुलरच्या घरघरीवरून अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं बोलला:

"रंगानं डावी आहे, पण नोकरी पक्की आहे. हे थेरं मी महिन्याभरात बंद करतो. मायबाप गरीब गाय आहेत, तोंड नाही उघडणार."

मालक एकदम खाली वाकून खण धुंडाळू लागला. रेडिओ दुरुस्तीला घेऊन आलेला एक म्हातारा माझ्याकडे बघू लागला आणि मग त्यानं नजर वळवली. बहिणीनं ओठावर बोट ठेवलं. याला वाटलं तिला ऐकू आलं नाही. त्यानं हात तसाच धरून पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं, आणि या वेळी 'गरीब गाय' म्हणताना हसला.

मी वॉकमनचं बटण दाबून कॅसेट थांबवली.

"सगळ्यांना ऐकू आलं," मी म्हटलं.

त्यानं हेडफोन गळ्यात उतरवला. मला वाटलं होतं, चेहरा तरी पडेल. कशाचं काय. "अरे, मस्करी करून राहिलो होतो मी. तुम्ही बी लगेच मनावर घेता." बहीण माझा दंड धरून म्हणाली, "मनाचा साफ आहे वं तो. पोटात काही ठेवत नाही." पोटातलं ते सगळं काउंटरवर सांडलं होतं आणि ही बाई मला त्याचं कौतुक सांगत होती. त्याच्या गळ्यातल्या त्या गाद्यांवर तेलाची चमक दिसत होती. मला त्याची शिसारी आली, तिची आली, पोहे दोनदा वाढले म्हणून स्वतःच्या हातांचीही आली.

मी मालकाला म्हटलं, "हाच द्या. पण डब्यातला, नवा." पाकीट काढत तो म्हणाला, "पैसे मी देतो ना." मी त्याच्याकडे न बघता नोटा काउंटरवर ठेवल्या आणि बाहेर येऊन एकटीच रिक्षात बसले. हेडफोन उत्तम होता. इतक्या रागातही ते मी मान्य करते. आतला ढोल स्वच्छ, गिटार धारेची आणि बाहेरचं चिटपाखरूही आत नाही, याची खात्री त्यानं माझ्यासमोरच करून दिली होती.

घरी बाबा दारातच उभे होते. "काय मग, पक्कं का?" मी चप्पल काढली आणि तो जे बोलला ते शब्दाशब्दानं सांगितलं, एक्स्चेंजमध्ये निरोप द्यावा तशा सपाट आवाजात. गरीब गाय हा शब्दही गाळला नाही. पडद्यापलीकडे बहीण होती, तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

मी आत गेले. आई मोरीपाशी बसून कढई घासत होती. तिनं ऐकलं होतं.

"एवढ्यासाठी नाही म्हणतं का?" ती मान वर न करता म्हणाली.

"एवढ्यासाठी?"

"सगळेच बोलतात वं. तुह्ये बाबाही बोलले असन आपल्या बहिणीपाशी, मले पाहून गेले तवा. मले ऐकू नाही आलं, म्हणून संसार झाला."

तिच्या आवाजात ना राग होता ना दुःख. भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं ती सांगत होती. त्या दिवशीची सगळ्यात मोठी किळस मला तेव्हा आली, आणि ती कोणाची ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

"मले आलं ना पण ऐकू," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. बाबा पडदा बाजूला करून उंबऱ्यात आले होते. ते माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होते.

"मी नव्हतो बोललो काही," ते म्हणाले.

"म्या कुठं इचारलं?" आई म्हणाली.

बाबांनी खुंटीवरचा सदरा घातला आणि नकार सांगायला ते वाडीला निघून गेले. आईनं कढई पालथी घातली आणि राखेचा हात तव्याला लावला.