गायकवाड सर, मॅडम आणि माझा गुडघा

गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला. "सुनंदा, तुझे सर गये गं…" उल्हासनगरात जन्म काढलेल्या या सिंधी बाईंचं मराठी असंच मध्येच हिंदीत शिरतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा गायकवाड सर कारखान्यातली पहिली पाळी संपवून थेट अंबरनाथच्या मैदानावर यायचे आणि आम्हा मुलींना कबड्डी शिकवायचे. एका चढाईत माझा गुडघा फिरला. ऑपरेशन झालं आणि मी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या मॅडमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात व्यायामाला जाऊ लागले. सरांना मी जिल्ह्याच्या निवड चाचणीला हवी होते. मॅडम तर पळूही देईनात. मग दोघांचे निरोप माझ्यामार्फत सुरू झाले. "त्यांना सांग, पोरगी गंजेल." "उनको बोल, गुडघा माझ्या ताब्यात आहे."

शेवटी सर तणतणत दवाखान्यात आलेच. मॅडमनी वाद घातला नाही. माझ्या दोन्ही मांड्यांना टेप लावून दाखवली. ऑपरेशनच्या पायाची मांडी चांगलीच बारीक भरली. सरांनी टेपवरचे आकडे स्वतः पुन्हा बघितले, मग म्हणाले, "मी काय करू, ते सांगा."

"मला कबड्डी समजवा. ही नक्की वळते कशी?"

सरांनी तिथेच पँट वर दुमडून चढाई करून दाखवली. शेकायचा दिवा पडता पडता वाचला.

त्यानंतर दर रविवारी मॅडम मैदानावर, पदर खोचून. सर वळण शिकवायचे, मॅडम गुडघा बघायच्या. चाचणीच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "पळते छान. पण वळताना अजून डरते. आता तुम्ही ठरवा." सरांनी स्वतःच्या हाताने माझं नाव खोडलं. मी रडले, त्यांच्याशी बोलणं टाकलं. पुढच्या वर्षी मात्र निवड झाली. पहिल्याच सामन्यात दोघींना बाद करून परतले तेव्हा टाळ्यांच्या वर मॅडमचा आवाज, "सुनंदा, गुडघा! गुडघा!" सर पोट धरून हसत होते.

परवा बदलापूरला सरांच्या घरी गेले. गॅलरीत वेताच्या दोन खुर्च्या होत्या. सर निवृत्त झाल्यापासून मॅडम दर आठवड्याला तिथे चहाला यायच्या.

"अजून येतात," सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या. "यांच्या खुर्चीकडे तोंड करून बसतात. नव्या पोरींच्या दुखापतींबद्दल काय काय सांगतात, आणि विचारतात, 'बरोबर ना, सर?' मी आतून म्हणते, हो म्हणतायत. तर म्हणतात, 'झूठ! सर एवढ्या लवकर कधी मानत नव्हते.'"