आपोआप भरलेला रकाना

माझ्या गळ्यात मंगळसूत्र पडलं त्याच्या कितीतरी आधी पेनड्राइव्ह पडला होता. लाल दोऱ्यात ओवलेला, बोटाच्या पेराएवढा. आई चिडवायची, "तुहं लगन याच्याशीच लागलं वाटते." मी तेव्हा कंत्राटी संगणक चालक होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. त्यावरही तिच्याकडे उत्तर होतं: अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी हसण्यावारी न्यायची.

राहायला दारव्ह्याला. सकाळी काळीपिवळी जीपमध्ये कोंबून शेजारच्या तालुक्याला जायचं. त्या तालुक्याचं नाव मी लिहीत नाही. चूक माझी होती, गावाला कशाला बदनाम करू? तिथे सकाळी सरकारी दवाखान्यात टायपिंग, दुपारी तहसीलमध्ये याद्या करायच्या, आणि संध्याकाळी परत येऊन दारव्ह्यात स्टँडजवळच्या एका दुकानात पत्रिका छापायच्या. तीन ठिकाणी तीन संगणक, आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी. दवाखान्यातल्या संगणकात मराठी नव्हतीच, आणि टाकायला जावं तर तो पासवर्ड मागायचा. पासवर्ड जिल्ह्याच्या साहेबाकडे, आणि साहेब फोन उचलायचे नाहीत. तहसीलचा संगणक इतका जुना की सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. त्यात लोडशेडिंग. दवाखान्यात सकाळी दोन तास लाईट, तहसीलला दुपारी अडीच. तेवढ्यात काम उरकायचं, नाहीतर उद्यावर.

म्हणून मी एक डोकं लढवलं. जे प्रोग्राम संगणकात टाकायची गरज नसते, नुसत्या पेनड्राइव्हवरून चालतात, तसे शोधून काढले आणि सगळे त्या लाल दोऱ्यात बांधून घेतले. मग इंटरनेटवर वाचून वाचून एक चार ओळींची फाईल लिहिली. पेनड्राइव्ह लावला, एंटर दाबलं, की ती फाईल आधी संगणकाचं नाव बघायची. दवाखान्याचा असला तर मराठी टायपिंग आणि मृत्यूच्या अहवालाचा नमुना उघडायचा. तहसीलचा असला तर याद्यांचा तक्ता. दुकानाच्या मालकानं आपल्या संगणकाला मुलीचं नाव दिलं होतं. ते नाव दिसलं की पत्रिकांच्या चौकटी उघडायच्या, वर गणपती नाहीतर समई. कुठे काय उघडायचं हे मला लक्षातच ठेवावं लागत नव्हतं. तहसीलचे बाबू बघायला जमले होते. "पोरीनं त्याले वळख शिकवली ना बे," एक जण म्हणाला. मला आभाळ ठेंगणं झालं.

कापसाची ती वर्षं वाईट होती हे सांगायला माझी गरज नाही, पेपरात रोज येत होतं. त्या बातम्यांचा कच्चा माल माझ्या हातून जायचा. अहवालाच्या नमुन्यात एक रकाना होता: विष शरीरात कसे गेले. प्राशन, श्वासावाटे, त्वचेवाटे, यांतलं एक लिहायचं. बहुतेक वेळा प्राशनच असायचं. तेच तेच टाइप करून मला वीट आला आणि मी नमुन्यातच तो शब्द भरून ठेवला. वेगळं असेल तेव्हा बदलू, असं ठरवलं. किती सेकंद वाचले असतील? दोन? तीन? मला त्या दोन-तीन सेकंदांची आज शिसारी येते.

पोळा झाला होता. कपाशीची पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती आणि अळीही तशीच. एक माणूस मजुरीनं फवारायला गेला. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, वारा समोरून. दुपारपर्यंत त्याला दिसेनासं झालं, तोंडाला फेस आला. दवाखान्यात आणला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी माझ्यासमोर डॉक्टरांच्या हातची इंग्रजी चिठ्ठी होती. तिच्यात औषधाचा प्रकार होता, उपचार होते, वेळ होती. ते कसं अंगात गेलं हे डॉक्टर लिहायचे नाहीत, तोंडी विचारावं लागायचं. ते वॉर्डात होते. लाईट जायला वीस मिनिटं राहिली होती आणि माझ्यापुढे पाच चिठ्ठ्या. मी नाव, वय, गाव भरलं. रकाना भरलेलाच होता. डॉक्टरांनी पाचही कागदांवर उभ्याउभ्या सह्या केल्या.

दुपारी तोच पेनड्राइव्ह तहसीलच्या संगणकाला लावला. तक्ता उघडला. अहवालातली माहिती त्यात ओढून घ्यायची आणि प्राशनवाले आपोआप आत्महत्यांच्या वेगळ्या यादीत पडायचे, ही करामतही माझीच. तो माणूस त्या यादीत पडला. म्हणजे एकाच दिवशी, दोन ठिकाणी, त्याचं नाव माझ्या डोळ्यांखालून गेलं. मी बघितलं नाही. बघायचं काम मी पेनड्राइव्हला देऊन टाकलं होतं.

आठ-नऊ दिवसांनी दारव्ह्याच्या दुकानात एक बाई आली, सोबत भाऊ. तेरवीची पत्रिका छापायची होती. नवरा जाऊन नऊ दिवस झालेली बाई बाजाराच्या गावात कशी, म्हणून मालकानं माझ्याकडे बघितलं. भाऊच सांगू लागला, तर तिनं त्याला थांबवलं.

"ताई, एक वळ टाका. फवारा मारतानी ईषबाधा होऊन वारले, असं लिवा. ठळक लिवा."

मी म्हटलं, तेरवीच्या पत्रिकेत असं कुणी लिहीत नाही, दुःखद निधन एवढंच लिहितात.

"ते मले मालूम हाय," ती म्हणाली. "पण लिवा. त्याच्यासाठीच आली मी."

मग तिनं सांगितलं. त्या सकाळी नवरा-बायकोचं वाजलं होतं. भाकर झाली नव्हती, ती म्हणत होती थांबा, खाऊन जा, आणि तो उपाशी पोटीच पंप घेऊन निघून गेला. भांडण एवढंच. पण परवा तलाठी आणि कोतवाल चौकशीला आले आणि त्यांनी आंगणात सगळ्यांदेखत यादी वाचली. औषध प्राशन. सासूनं ऐकलं. तोवर दोघी गळ्यात गळा घालून रडत होत्या.

"म्हणते, तुह्याच बोलण्यानं पेला. माह्या हातचं पाणी नाही घेत आता. म्या म्हटलं, मामी, त्यायनं औषध पेलं नाही, फवारलं. तं म्हणते, सरकारच्या कागदात खोटं कायले असंल?"

तोपर्यंत मी चौकट उघडून बसले होते. समई, खाली दोन ओळी. तिनं नाव सांगितलं, वय, गाव. मी ते टाइप केलं आणि माझे हात थांबले. हीच तीन उत्तरं मी याच बोटांनी आधी कुठे भरली होती ते मला आठवलं. पेनड्राइव्हवरचा बारका लाल दिवा लुकलुकत होता. दवाखान्याचा अहवाल, तहसीलची यादी आणि ही पत्रिका, तिन्ही त्याच एवढ्याशा डबीत होते.

मी तिला सांगितलं नाही. ती ओळ ठळक केली, जरा मोठीही केली. प्रूफ काढून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुमचे लय उपकार झाले, ताई."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले. ताकाला जाऊन भांडं लपवलं, आधी म्हटलं एका अहवालाबद्दल शंका आहे. त्यांनी केसपेपर काढून बघितला. नर्सनं पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं: शेतात फवारणी करताना. डॉक्टरांनी ती ओळ दोनदा वाचली. माणूस वाईट नव्हता, तीन-तीन रात्री जागलेला होता.

"सही माझी आहे, म्हणजे चूक माझीपण आहे," ते म्हणाले. "तू लिहून दे, टंकलेखनात चूक झाली म्हणून. मी ते जोडून दुरुस्ती पाठवतो. तुझं लिहिलेलं नसेल तर वरचे विचारतील, मग आजवर काय झोपला होतात?"

मी पत्र टाइप केलं, त्याच दिवशी. वर तारीख घातली, खाली माझं नाव घातलं. सेव्ह केलं. छापलं मात्र नाही. कंत्राट दर अकरा महिन्यांनी नवं व्हायचं आणि माझं दिवाळीनंतर होणार होतं. मी म्हटलं, तेवढं होऊ दे. ते झालं. मग म्हटलं, यादी आता जिल्ह्याला गेली, आता काय उपयोग? मग डॉक्टरांची बदली झाली. नवीन डॉक्टरांना कुठून कुठून सांगायचं? माणसाला पळायचं असलं की वाटा भरपूर सापडतात. रोज मी तीन संगणकांना तो पेनड्राइव्ह लावत होते आणि रोज हवं ते हवं तिथे उघडत होतं. ते पत्र कुठेच आपोआप उघडत नव्हतं. ते मलाच उघडावं लागलं असतं.

कापसाची शेवटची वेचणी चालली होती तेव्हा त्या दोघी तहसीलला आल्या. पुढे सासू, कपाळ बांधलेली, काठी टेकत. मागे ती. चार महिन्यांत वाळून गेली होती. सासूला कुणीतरी सांगितलं होतं की कोतवालाचं काय ऐकता, कम्प्युटरात असंल तेच खरं. म्हणून ती स्वतःच्या कानानं ऐकायला आली होती. बाबूनं माझ्याकडे बोट दाखवलं.

सुनेनं मला ओळखलं. तिचा चेहरा उजळला, हे मी विसरू शकत नाही. "मामी, ह्या त्याच ताई. पत्रिकेतली वळ यायनंच लिवली." मग मला म्हणाली, "तुम्ही इथीबी राह्यता काय वो?"

मी पेनड्राइव्ह लावला. एंटर दाबलं. तक्ता उघडला. मला काही शोधावं लागलं नाही, ती ओळ मला पाठ होती.

"वाच बाई," सासू म्हणाली. "जे हाय ते वाच."

खोटं वाचता आलं असतं. दोघींनाही अक्षरओळख नव्हती. पण तिचं गाव काही बिनअक्षराचं नव्हतं, आज ना उद्या कुणीतरी पुन्हा आंगणात उभं राहून खरी यादी वाचलीच असती. मी वाचलं. औषध प्राशन. सुनेनं डोळे मिटून घेतले. सासू तिच्याकडे वळली तशी मी म्हटलं, "आजी, थांबा. हे चूक आहे. हे मी लिहिलंय आणि चूक लिहिलंय. तुमच्या मुलानं औषध पिलं नव्हतं. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर फवारणीच लिहिलंय, मी बघितलंय."

"तं मंग तसं छापून दे," म्हातारी म्हणाली.

मी ते पत्र उघडलं. छापलं. कागद दोन्ही हातांनी धरला आणि वरपासून वाचत गेले, शाळेत धडा वाचावा तसं. तारीख, प्रति, विषय, माझी चूक, त्याचं नाव, फवारणी करताना. शेवटी माझं नाव. बाबू लोकांचं काम थांबलं होतं.

म्हातारी खाली फरशीवर बसली. मोठ्यानं रडली नाही. "माहा लेक उपाशी गेला गं," एवढंच म्हणाली, आणि हे ती पहिल्यांदा सुनेला म्हणत होती, सुनेविरुद्ध नाही.

सून माझ्याकडे बघत होती. "ताई, सुरवातीले कोणती तारीख वाचली तुमी?"

मी पुन्हा वाचली.

तिनं मनाशी दिवस मोजले. बोटांवर मोजले. "हे तं तेरवीच्या आंधीचं हाय. मी दुकानात आलती, त्याच्या दुसऱ्या दिवसाचं."

"हो."

"म्हंजे तुमाले तवाच मालूम होतं."

"होतं," मी म्हणाले.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. कोपऱ्यातल्या माठातून पेलाभर पाणी आणलं आणि तिच्यापुढे धरलं, म्हातारीला द्या म्हणून. तिनं पेला घेतला, माझ्या टेबलावर संगणकाशेजारी ठेवला. मग स्वतःच्या पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली, झाकण उघडलं आणि वाकून सासूच्या तोंडाला लावली. म्हातारी प्यायली. कागदाची घडी घालून दोघी निघाल्या. दुरुस्ती पुढे झाली की नाही मला माहीत नाही, माझं कंत्राट त्याच महिन्यात संपवलं.

लाईट जाईपर्यंत मी तिथेच बसून होते. माझा पेला भरलेला तसाच राहिला.