दादाचा एसएमपीएस

मी भांडुपच्या एका शाळेत फिजिक्स शिकवते. व्होल्टेज, करंट, शॉर्टसर्किट हे सगळं फळ्यावर इतक्या वेळा खरडलंय की झोपेतही सांगेन. पण विजेपुढे खरोखर हात जोडावेसे वाटले ते एकदाच, आमच्या दादाच्या एसएमपीएसमुळे.

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली लोखंडी पेटी. भिंतीतली वीज ती घेते आणि आतल्या प्रत्येक भागाला सोसेल तेवढीच पुरवते. टेम्पोने उडवलं तेव्हा दादाचे पाय गेले आणि साइटवरची नोकरीही गेली. आता घरबसल्या इमारतींची थ्रीडी चित्रं काढायचं काम मिळत होतं, त्यासाठी दणकट कॉम्प्युटर हवा होता. तो बिघडला असता तर दादा पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला असता. ते दिवस मला परत नको होते.

दुकानदार म्हणाला, "कॅबिनेटसोबत फुकट येतो ना मॅडम, वेगळा कशाला?" मी तो फुकटचा हातात घेतला. रिकाम्या डब्यासारखा हलका, आणि वर छापलेले वॅट असे की अख्खी चाळ उजळेल. म्हटलं, हा तुमच्याकडेच ठेवा. मागे व्हीलचेअरवर दादा हसत होता, "हिच्या नादी लागू नका, पोरांना रडवते ही." प्रोसेसर किती खातो, ग्राफिक्स कार्ड भरात आलं की किती ओढतं, ह्याची बेरीज केली, वर भरपूर मोकळीक ठेवली, आणि कुठे शॉर्ट झालं तर आपणहून बंद होणारा, भरवशाचा एसएमपीएस घेतला. घरच्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. वायरमनला बोलावून तेही करून घेतलं. आई आपली बघत होती. "सून बघतानाव इतक्यां कोण बघणा नाय," म्हणाली.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं पुजतात. बाबा गिरणीत होते तोवर त्यांचा पाना पुजला जायचा. आता घरातलं हत्यार म्हणजे हा कॉम्प्युटर. दादाचं काम चालूच होतं. आईने कॅबिनेटला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि विळी-कोयतीवर शिंपडते त्याच सवयीने फुलाने वरून पाणी शिंपडलं. कॅबिनेटच्या डोक्यावर हवेसाठी जाळी असते. टक् असा आवाज झाला, पंखे थांबले, स्क्रीन काळी.

मी आधी प्लग ओढला, मग झाकण उघडलं. थेंब नेमके ग्राफिक्स कार्डावर पडले होते. पण धूर नाही, जळका वास नाही, कुठे काळा डाग नाही. पाण्याने वाट करून दिली आणि करंट उसळी मारणार, तेवढ्यात त्या पेटीने स्वतःला मिटून घेतलं होतं. पापणी लवायच्याही आधी. वर्षानुवर्षं मी हेच शिकवते, तरी अंगावर सरसरून काटा आला. आम्हाला न ओळखणाऱ्या कुणीतरी, कुठल्याशा कारखान्यात बसून, आमच्या घरात पडणाऱ्या थेंबाची काळजी आधीच करून ठेवली होती. मी तिथेच फरशीवर बसले.

काही जळलेलं दिसत नाही असं मी सांगणार, एवढ्यात आई पुटपुटली, "तेव्हाय मीच धाडलंय तेका. आता ह्याय मीच केलंय."

टेम्पो आला त्या दिवशी दादाला बाजारात तिने पाठवलं होतं. हे ती आजवर एकदाही बोलली नव्हती. एका खोलीत जेवतो-झोपतो आम्ही, आणि ती हे एकटीच गिळत बसली होती.

दादा चाकं वळवून तिच्यापाशी गेला. "आये, टेम्पो काय तू चालवत होतीस?"

त्याने तिचा कुंकवाने माखलेला हात कितीतरी वेळ धरून ठेवला.

सगळे भाग सुटे करून मी पंख्याखाली वाळवले. पाण्याचा मागमूस उरला नाही अशी खात्री झाल्यावरच परत जोडले. चालू करायची वेळ आली तेव्हा दादा हटून बसला, बटण आईच दाबणार. "माका नको रे," ती मागे सरकली. त्याने ऐकलं नाही. शेवटी तिने डोळे घट्ट मिटून बोट टेकवलं.

पंखे फिरायला लागले, अर्धवट राहिलेली इमारत स्क्रीनवर उघडली, तरी तिचे डोळे मिटलेलेच.

"आये, चालू झाला गं," दादा म्हणाला. "बघ तरी."