शैलाने न निवडलेलं चित्र

शैलाच्या यजमानांचा, दिनकररावांचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "नीलाताई, शैला गेली..." एवढंच ते बोलले आणि फोन तसाच चालू राहिला. पलीकडून त्यांच्या हॉलमधल्या पंख्याचा आवाज येत होता. बरेच महिने आजारी होती, सगळ्यांनी मनाची तयारी केली होती वगैरे सगळं खरं. पण मनाची तयारी म्हणजे नक्की काय करायचं असतं, ते मला अजून कळलेलं नाही. सिल्व्हर पार्कात आमच्या इमारती समोरासमोर. रस्ता ओलांडून तिच्या दारात पोचले तेव्हा फरसबीची मूठ माझ्या हातातच होती.

पुढे दिवसकार्य झालं, माणसं पांगली आणि दिनकररावांनी मला एक काम सांगितलं. त्यांच्या हॉलच्या एका भिंतीवर वर्तमानपत्राचा मोठा कागद चिकटपट्टीने लावलेला होता. शैलाने तो आजारपणाआधी लावला होता. तिथे तिने काढलेल्या फोटोंपैकी एक लागायचा होता, तो निवडायचा राहून गेला. जगाच्या भिंती सजवून झाल्या आणि स्वतःची तशीच राहिली. शैलाच्या नणंदेने सुचवलं होतं, तिथे शैलाचाच फोटो लावा, चंदनाचा हार घालून. "तिला स्वतःचा फोटो कधी आवडला नाही," असं म्हणून दिनकररावांनी तो विषय संपवला आणि माझ्याकडे वळले. "तुम्हीच निवडा. मला त्यातलं कळत नाही." मी हो म्हणून बसले आणि महिनाभर काही मला निवडता येईना.

आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवत होतो. मी मराठी, ती भूगोल. निवृत्तीनंतर मी दुपारी झोपायला लागले आणि तिने कॅमेरा घेतला. भाईंदरची मिठागरं, वरसाव्याची खाडी, उत्तनचा समुद्र... फोटोत मात्र जवळजवळ काही नाही. वर आभाळ, खाली पाणी, मध्ये एक रेघ. पहिल्यांदा दाखवले तेव्हा मी म्हटलं, "शैले, कॅमेरा दुरुस्तीला टाक." ती हसली. मला धबधबा, मोर, निदान एखादं झाड तरी लागतं, हे तिला ठाऊक होतं. तिच्या मजल्यावरच्या हंसाबेनही एकदा म्हणाल्या, "शैलाबेन, इसमें तो कुछ है ही नहीं." शैला त्यांच्या शोकेसकडे, बाहुल्यांकडे, छतातल्या रंगीत दिव्यांकडे बघून म्हणाली, "बाकी सब आपके घर में है ना." हंसाबेननी तोच फोटो मोठा करून लावला आणि आता दुपारचा चहा त्या त्याच्यासमोर बसून घेतात.

हळूहळू लोक आपल्या भिंतीसाठी फोटो निवडायला तिला बोलावू लागले. तिची पद्धत अशी, की पहिल्या भेटीत एकही फोटो न्यायचा नाही. घरातलं माणूस रोज जिथे बसतं तिथे आपण बसायचं, चहा प्यायचा आणि समोर काय दिसतं ते बघायचं. मग फोटोच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद भिंतीला लावून निघून यायचं. "आठवडाभर राहू दे. कागद खुपला नाही, तर चित्रही खुपणार नाही." पाहुणे विचारायचे, भिंतीला भोक पडलंय का म्हणून. आपण चित्रं फार वर टांगतो, अशीही तिची कायमची तक्रार. "देवांचे आणि पूर्वजांचे फोटो असतात वर. चित्र बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर हवं," असं म्हणत तिने आमच्या परिसरातले निम्मे खिळे खाली आणले असतील.

एकदा मात्र ती चुकली. उत्तनच्या एका कोळी घरी नवी खोली बांधली होती. सून शिक्षिका, तिने हौसेने शैलाला बोलावलं. मीही सोबत गेले होते. कागदाचा आठवडा झाला आणि शैलाने आपला सगळ्यात लाडका फोटो नेला. पहाटेचा समुद्र, निव्वळ पाणी. सुनेला आवडला. सासू उंबऱ्यात बसली होती, तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "बाय, यात होडी कुठं हाय?"

"होडी नाहीच, आजी. म्हणून तर इतकं शांत वाटतं."

"शांत न्हाय ते. होडी यायची ऱ्हायली का दर्या असाच दिसतो."

तिचा मुलगा तेव्हा समुद्रावर होता. शैलाने फोटो कापडात गुंडाळला. पुढच्या खेपेला तिने वरसाव्याच्या खाडीचा फोटो नेला, धुक्यातला, पण त्यात काठाची एक काळी पट्टी होती. तो त्या घरात राहिला. परतीच्या रिक्षात ती मला म्हणाली, "मी भिंत बघितली, उजेड बघितला. त्या घरात कोण कोणाची वाट बघतं, ते विचारलंच नाही." त्यानंतर प्रत्येक घरी ती ते विचारायची, आडून आडून, चहा पिता पिता.

माझा हात अडत होता तो इथेच. शैलाच्या घरात आता एकच माणूस होतं आणि ते कोणाची वाट बघतं हे मला विचारायला नको होतं. अशा माणसासमोर रिकामं आभाळ कसं टांगायचं?

शेवटी मागच्या रविवारी मी धीर केला. त्यांच्याकडे जाऊन कपाटामागचे शैलाचे तीन फोटो काढून भिंतीशी टेकवून ठेवले आणि मनातलं बोलून टाकलं. "भाऊजी, यात कुठेच कोणी नाही. रोज सकाळी हे बघवेल का तुम्हाला?"

त्यांनी चष्मा लावला. "कोणी नाही कसं? मी होतो की." मिठागराच्या फोटोच्या चौकटीबाहेर, डावीकडे, त्यांनी भिंतीवर बोट ठेवलं. "इथे उभा होतो, तिची पिशवी धरून. म्हणाली, अहो, जरा सरका, तुमची सावली पडतेय. सरकलो. म्हणाली, अजून. चप्पल गेली माझी चिखलात..." ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. मलाही आलं. इतकी वर्षं मी त्या फोटोंना रिकामे म्हणत होते.

मिठागराचा फोटो आम्ही लावला. खिळा खाली, शैलाला हवा तसा.

परवा सकाळी सहज डोकावले. दिनकररावांची खुर्ची एरवी बाल्कनीच्या दारात, भिंतीच्या बरोबर समोर असते. ती त्यांनी ओढून पार कोपऱ्यात, शू-रॅकजवळ नेली होती आणि तिथे बसून चहा पीत होते. बाल्कनीतून आलेलं ऊन सरळ फोटोवर पडलं होतं.

"तिथून दिसतं का हो नीट?" मी विचारलं.

"तिरकं दिसतं," ते म्हणाले. "पण सावली पडत नाही माझी."