पंगतीत शेवटी बसणारे मामा

आधी माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि आजवर प्रयोगाच्या वह्यांपलीकडे काही लिहिलेलं नाही. ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना मी जेमतेम दीड वर्ष ओळखत होतो, तेही भाडेकरू म्हणून. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या घरमालकांइतका आजाराला भिणारा माणूस अख्ख्या चेन्नईत नसेल. साथ आली, होस्टेल बंद झालं. गावी इंटरनेट नाही, म्हणून मी नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत त्यांच्या गच्चीवरची खोली घेतली. ते तंजावरकडचे मराठी, गिंडीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले कारकून. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांचं मराठी ऐकताना एखादी जुनी पोथी वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसून समोर उभी राहिली आहे असं वाटे. दुधाच्या पिशव्यांना ते साबणाने आंघोळ घालत. वर्तमानपत्र इस्त्री केल्याशिवाय वाचत नसत. उंच दोरीवर कपडे वाळत घालायची लांब काठी त्यांनी बरोबर सहा फुटांवर कापली होती आणि ती घेऊनच ते बाहेर पडत. कुणी जवळ आलं की काठी आडवी. मी मात्र पहिल्याच आठवड्यात चकित झालो, कारण त्याच काठीच्या टोकाला इडल्यांचा डबा अडकवून त्यांनी माझ्या खिडकीशी धरला. "धर पोरा. काठीस हात लावूं नको, डब्यास लाव." वर सकाळी कडू काढ्याचा पेला यायचा आणि तो रिकामा होईपर्यंत मामा जिन्यात उभे असायचे.

लस आली तेव्हा असा माणूस रांगेत पहिला असेल असं मला वाटलं. पण त्यांनी घरातल्या सगळ्यांची यादी केली आणि स्वतःचं नाव तळाशी लिहिलं. पाच बिऱ्हाडं, समोरचा इस्त्रीवाला, दोन मोलकरणी. एकेकाला ते महापालिकेच्या शाळेतल्या शिबिरात घेऊन जात. छत्री, काठी, पाण्याची बाटली असा सगळा सरंजाम. इस्त्रीवाला म्हणाला, "सुईने हात दुखला तर इस्त्री कोण उचलणार?" मामा म्हणाले, "मी उचलेन." आणि खरंच तीन दिवस ते त्याच्या गाडीवर उभे राहिले. दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांच्या शर्टाची कॉलर जळाली, ती त्यांनी माफीसकट परत केली. मी वरून पाहत होतो. आपल्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना.

"अहो, तुम्ही कधी घेणार?" मामी रोज विचारत.

"पंगतींत यजमान आधीं बसतो काय? सगळ्यांचें होऊं दे."

"हें लग्न नव्हे, सुई आहे."

"पान मांडलें कीं पंगतच."

मला ती गंमत वाटायची. हळूहळू यादी संपली. उरले दोघे, मामा आणि मी.

लस कशी काम करते यावर मी परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. तरी मी भ्यायलो होतो. गावात कुणीतरी सुईनंतर दगावल्याची बातमी उठली होती आणि आईने फोनवर बजावलं होतं, "तू आमचा एकच शिकलेला. दंडाला हात लावू देऊ नको." मामा रोज सकाळी जिन्याखालून विचारत, "आज?" मी म्हणायचो, "उद्या, मामा." ते म्हणायचे, "सेरी," म्हणजे तमिळमध्ये "बरं", आणि आपल्या खोलीत परत जायचे. रागावले असते तर बरं झालं असतं.

शेवटी मी खरं सांगितलं. त्यांनी आईचा नंबर घेतला आणि रोज संध्याकाळी तिच्याशी बोलू लागले. आईने मला विचारलं, "ते काय कीर्तनकार आहेत का रे? निम्मं कळत नाही, पण फोन ठेववत नाही."

गाड्या सुरू झाल्या तसा मी गावी निघालो. मामा फाटकापर्यंत आले. "तेथें घे. घेतलीस कीं लगेच कळव. मग मी जाईन." मी हसलो. तेव्हाही मला ते थट्टाच करताहेत असं वाटलं.

गावी पोचल्यावर चौथ्या दिवशी आई स्वतःच म्हणाली, "चल, त्या मामांनी माझं डोकं खाल्लंय." उपकेंद्रात तिने आधी घेतली, मग मी. दंड दुखला, बाकी काही झालं नाही. पण मी मामांना फोन केला नाही. इतके दिवस टाळाटाळ केल्याची लाज वाटत होती. परत गेल्यावर समोर उभं राहून सांगू असं ठरवलं. आईलाही म्हटलं, तू सांगू नको, मीच सांगेन. मामांचा फोन आला की ती लसीचा विषय टाळायची. मग त्यांचे फोन थांबले. आईचं मन वळल्याचं त्यांनी ओळखलं असेल, असं आम्ही समजलो.

मग एका दुपारी मामींचा फोन आला. आवाज अगदी साधा होता. साथ घरात शिरली होती; मामा आठ दिवस इस्पितळात होते, गुरुवारी गेले. बाकी घरात कुणाला फार त्रास झाला नाही, असं त्यांनी सांगितलं. "मीही थोडी तापले," म्हणाल्या, "पण उठून बसले."

"तूं घेतलीस कां रे?"

"हो."

"केव्हां?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं.

"तीन आठवडे झाले, मामी."

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "सेरी. आईला जप हो."