फक्रुद्दीनचा बिनशिवणीचा पट्टा

नागापूरच्या एमआयडीसीत कुजबुज अशी होती, की फक्रुद्दीन टर्नरनं शेवगावात दुसरं घर केलंय. दर सुटीला गडी बगलेत गाठोडं मारून एसटीत बसायचा. परतायचा तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत ओली आणि चेहऱ्यावर नवरदेवाचं हसू! हनुमंत टपरीवाला त्याच्या चहात मुद्दाम जादा साखर टाकायचा.

तीस वर्षं दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करून पन्नाशीत फक्रुद्दीनला खाज सुटली, की कागद बनवणारं यंत्र आपण काढायचं. एका टोकाला उसाच्या चिपाडाचा लगदा ओता, दुसऱ्या टोकाला कोरडा कागद घ्या. नोकरी सोडली, शेड घेतली, नाशिकचे श्रीमंतशेठ गिऱ्हाईक म्हणून गाठले. शेठ म्हणाले, "दसऱ्याच्या आत माझ्यासमोर सलग कागद काढा. नाहीतर राम राम." म्हणजे शेडला कुलूप आणि पुन्हा दुसऱ्याचा लेथ.

घोडं अडलं पट्ट्यावर. ओला कागद वाहून न्यायला लोकरीचा गोल पट्टा लागतो, आणि त्याला शिवण चालत नाही. शिवणीचा वळ कागदावर उठतो. फक्रुद्दीननं पट्टा विणून आणला, कुठून ते सांगितलं नाही. पहिल्याच चाचणीत लोकरीतून चिंचोक्याची खळ सुटली. विणताना धाग्यांना लावतात ती. कागद पट्ट्याला असा चिकटला, की खरवडून काढावा लागला. अख्ख्या लेथचं गणित तोंडपाठ असणारा माणूस पट्टा धुवायचाच विसरला होता! तेव्हापासून त्या ओल्या पँटच्या फेऱ्या सुरू झाल्या.

"कोण आहे ती, परवेझचे अब्बा?" त्याच्या बायकोनं, शरिफानं, एकदा भाकरी थापता थापता विचारलं.

"धंद्यातली गोष्ट आहे. फुटली तर उद्या सगळे तेच करतील."

"सगळे करतातच. म्हणून तर विचारतेय."

दसऱ्याच्या चार दिवस आधी शेठ आले. शरिफाही आली, पदर खोचून, यंत्रापेक्षा नवऱ्यावर नजर ठेवून. फक्रुद्दीननं बटण दाबलं. लगदा पसरला, पट्ट्यावर चढला, तापलेल्या रुळाला वळसा घालून निघाला तो थांबेचना. वीस हात, चाळीस हात. शेठनी कागद उजेडात धरून वळ शोधला, उलटा करून पुन्हा शोधला.

"दोन यंत्रं लिहून घ्या," ते म्हणाले.

आज अकरावं यंत्र बाहेर पडलंय आणि हनुमंतच्या टपरीवरचा भावफलक त्याच कागदावर लिहिलाय.

शेवगावात बाई होती, हे खरं. तिचं नाव रतनबाई, वय अठ्ठ्याहत्तर. ती घोंगड्या विणायची. पट्ट्याची दोन टोकं तिनं धाग्याला धागा लावून जोडली होती, आणि फक्रुद्दीन तिच्या अंगणातल्या हौदात उभा राहून पट्ट्यातली खळ पायानं तुडवून काढायचा.